जोडांचा डबा

३ सप्टेंबर

खारूताई,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणशील, मामाला वेड लागलं. लागू दे. तुझ्या आईकडून पत्ता मागितला तर ती म्हणाली, हल्ली पत्रं फक्त बँका पाठवतात. असू दे. फोनचं आणि माझं कधी जमलंच नाही. फोनवर माणूस "हं, हं, बरंय, ठेवतो" याच्यापुढे जातच नाही. कागदावर कसं, आरामात भांडता येतं.

बातमी ही की तुमच्या विजेच्या लाइनची पोलादी तार आमच्याकडे ओढायला आली आहे. नदीवरून जाणाऱ्या टप्प्याची, खास. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, हे काम सतरा नंबरच करेल. सतरा नंबरच्या मशीनवर असतो तुझा मामा. फेब्रुवारीअखेर मी निवृत्त होतोय, तेव्हा हे शेवटचं मोठं काम. म्हटलं, भाची वरती लटकणार आणि खाली मामाची तार! तुझी आई तर हे ऐकून रडायलाच लागली. तिला रडायला निमित्त पुरतं.

तू टॉवरवर चढतेस पण तार कशी होते ते तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. जाड सळई मशीनमध्ये घालायची. ती एकामागून एक लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली जाते आणि बारीक होते. त्या भोकाच्या ठोकळ्याला आम्ही डाय म्हणतो. एक सळई संपत आली की मागच्या बाजूचा माणूस दुसरीचं टोक तिला तापवून जोडतो, म्हणजे मशीन थांबत नाही. कुंपणाच्या तारेत असा जोड खपतो. तुमच्या तारेत नाही. तुमच्या तारेच्या पोटात सात पोलादी तारांचा पीळ असतो, ओझं सगळं त्याच्यावर. तिथे एकही जोड राहता कामा नये. जोड आला की मशीन थांबवून तेवढा हातभर तुकडा कापून टाकायचा.

आता तो कळणार कसा? रंग लावला तर पहिल्याच डायमध्ये, तार सरकावी म्हणून घातलेली साबणपूड तो पुसून टाकते. डोळ्याला काही दिसत नाही. फक्त डायमधून जाताना जोड "टक" करतो. बस, एवढंच. कापलेला तुकडा पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पाळी संपली की मागच्याच्या वहीतले जोड आणि डब्यातले तुकडे सारखे भरले पाहिजेत. एकतीस वर्षांत माझा डबा एकदाही चुकला नाही. मी कापलेला पहिला जोड अजून माझ्या कप्प्यात आहे. नवा माणूस आला की तो त्याच्या तळहातावर ठेवतो आणि सांगतो, याला कानाने पकडायचं.

मशीन हल्ली गरीब झालंय. पूर्वीसारखा आरडाओरडा करत नाही. तुझी मामीही तशीच, पुटपुटते नुसती. वय झालं दोघींचं.

जपून चढ. पट्टा दोनदा बघ.

मामा

१७ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र घेऊन पाण्याचा टँकरवाला आला तेव्हा सगळी गँग जमली. त्यांना वाटलं, माझं लग्न ठरलं. मी म्हटलं, मामाचं प्रेमपत्र आहे, तारेला लिहिलेलं.

पण आधी भांडण. गेल्या महिन्यात मी फोन केला होता, आठवतंय? या टप्प्याची गँग मला मिळाली, चौदा माणसं, हे तुला सगळ्यांत आधी सांगायचं होतं. आईच्याही आधी. तू काय म्हणालास? "हो हो, छान, अभ्यास कर!" आणि फोन मामीकडे दिलास. मामा, मी एकोणतीस वर्षांची आहे. कसला अभ्यास करू? दोन दिवस मला राग होता. आता पत्र आलं म्हणून सोडून देते.

इथे रेंज नाही. साइट ऑफिसात एक फोन आहे, तो स्टोअरकीपरच्या टेबलावर. आम्ही पत्र्याच्या खोल्यांत राहतो. माझ्या खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून दोन्ही टॉवर दिसतात, अलीकडचा आणि नदीपलीकडचा. मध्ये नुसती हवा. सकाळी उठून पहिलं ते दिसतं आणि भीती वाटते. चढायची भीती नाही रे. तिथे माझे हात मला ओळखतात. भीती ही की चौदा जणांना मी "जा" म्हणायचं आणि त्यांनी जायचं. त्यातला एक इतका उंच आहे की सगळे त्याला शिडी म्हणतात. माझ्याहून दहा वर्षं जुना, आणि तरी मला "बाई, जाऊ का?" विचारतो. दरवेळी वाटतं, नको म्हणावं.

तुझी तार येते आहे म्हटल्यावर जरा बरं वाटलं. खरंच. एक गोष्ट तरी अशी की जिच्याकडे मला दोनदा बघायला नको.

तुझी खार

११ ऑक्टोबर

खारूताई,

गँग मिळाली! अगं, मग हे नीट सांगायचं की. फोनवर काय कळतं? त्या दिवशी लाइन खराब होती. रागावू नकोस. घरात सांगितलं सगळ्यांना, शेजाऱ्यांनाही सांगितलं. ते मात्र म्हणतात टीव्ही हळू लावा. लोकांना कौतुक म्हणून नाहीच.

तार झाली. सहा तारखेला शेवटची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, मशीनवरून उतरली. आता तिच्यावर जस्त चढेल, मग पीळ, मग दुसऱ्या कारखान्यात अॅल्युमिनियमचं वेष्टण, मग तुझ्याकडे.

एक काम कर. तार गुंडाळलेल्या प्रत्येक ड्रमबरोबर एक कागद येतो. त्यावर कुठल्या कुठल्या कॉइल त्या पिळात गेल्या ते लिहिलेलं असतं. सतरा नंबरपुढे कॉइल दोनशे बारा आहे का ते बघ आणि असेल तर तो ड्रम कुठे लावताय ते कळव. विशेष काही नाही. उगाच. माणसाला वाटतं आपलं काम कुठे गेलं ते कळावं.

झोप नीट लागत नाही. दुपारी पडलो तरी उठून बसतो. मामी म्हणते, निवृत्तीची धास्ती घेतलीत. घेतली असेल. काल कारखान्यात कप्पा आवरला. एकतीस वर्षांचा कचरा, त्यात काही नव्हतं.

दोनशे बारा. विसरू नकोस.

मामा

२६ नोव्हेंबर

मामा,

रागावू नकोस, दीड महिना पत्र नाही. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण तुझं काम केलंय!

सतरा नंबर, कॉइल दोनशे बारा, ड्रम नऊ. कागद वाचून मी नाचले. ही तुझी लाडकी कॉइल का रे? शेवटची? म्हणून विचारत होतास ना? तर ऐक. साहेब ड्रम नऊ पलीकडच्या उतारावर लावणार होते. मीच भांडले. म्हटलं, हा नदीवरच जाईल, माझ्या मामाच्या हातचा आहे. उजवीकडची वरची तार. आता माझ्या खिडकीतून रोज दिसते. मी तिला "मामा" म्हणते. शिडी सकाळी विचारतो, "बाई, मामा कसे आहेत?" मी बघून सांगते, "झोळ बरोबर आहे."

एक विचारायचं होतं. मागच्या शुक्रवारी ताण देत होतो, विंचचं यंत्र तार हळूहळू ओढत होतं. जवळजवळ पूर्ण ताण आला आणि तारेत एक आवाज झाला. बारीकसा. कोणी बोट मोडावं तसा. शिडीने ऐकला, मी ऐकला, विंचवाल्यानेही ऐकला. लगेच थांबवलं. दुर्बिणीने इंच न् इंच बघितलं, काही नाही. वरून सगळं छान. साहेब म्हणतात, नव्या तारा बसताना कुरकुरतात. तुझा कान आमच्या सगळ्यांपेक्षा तयार. तूच सांग, काय असेल?

खार

४ डिसेंबर

खारूताई,

पत्र मिळालं. साहेब म्हणतात ते बरोबर आहे. पीळ ताणाखाली बसतो, तेव्हा एखादा पदर सरकतो आणि आवाज होतो. होतं असं.

ड्रम नदीवर लावायला तुला कोणी सांगितलं होतं? साहेब लावत होते तिथे लावू द्यायचं. मोठ्यांचं ऐकावं कधीतरी.

इथे निरोपाची तयारी चालू आहे. मला घड्याळ हवं की खुर्ची, असं विचारतात. मी म्हटलं, काही नको. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय.

तुम्ही त्या तारेवर अजून काय करणार आहात? म्हणजे माणसं जाणार आहेत का तिच्यावर? कधी? लगेच कळव. पत्र टँकरबरोबर त्याच दिवशी दे.

मामा

१३ डिसेंबर

मामा,

टँकर उभा आहे म्हणून घाईत. तू लिहिलंस ते सगळ्यांना वाचून दाखवलं. शिडीच्या जिवात जीव आला. तो त्या आवाजापासून जरा कुरकुरत होता. म्हणाला, "बाई, एकतीस वर्षं तार ओढणारा माणूस म्हणतोय तर मग प्रश्न मिटला." साहेबांनीही वहीत नोंद केली.

आता शेवटचं काम. उजवीकडे वरच्या दोन तारा शेजारी शेजारी जातात ना, त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या बसवायच्या. त्यासाठी ट्रॉली असते, दोन्ही तारांवर चाकं आणि खाली पाळणा. त्यात दोघं बसून नदीच्या मधोमध जायचं. तेवीस तारखेला सकाळी आठला. पहिल्या फेरीत मी आणि शिडी. मी ठरवलंय, पहिल्यांदा "जा" म्हणायचं ते स्वतःला.

आणि तुझ्यावर चिडले आहे. मी हौसेने तुझी तार नदीवर लावली आणि तू मोठ्यांचं ऐकावं म्हणतोस? तुझं काय बिनसलंय? मामी आईला म्हणाली, तू जेवताना उठतोस आणि दारापर्यंत जाऊन परत येतोस. निवृत्त तर सगळेच होतात.

खार

१९ डिसेंबर

खारू,

जाऊ नकोस. कोणालाही जाऊ देऊ नकोस.

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. हे पत्र तेवीसच्या आत तुला मिळणार नाही हे मला कळतंय. तरी लिहितो, कारण तोंडाने मी अर्धं सांगेन आणि अर्धं गिळेन. स्वतःला मी पुरता ओळखतो.

मला ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं नाही. येतच नाही. दोन वर्षं झाली. आधी दाराची घंटा गेली, मग मामीचा आवाज, मग मशीन. कोणाला कळलं नाही, कारण आमच्या खात्यात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. घरी मी ओठ वाचतो. फोनवर ओठ नसतात. तू गँग मिळाल्याचं सांगितलंस तेव्हा मला वाटलं, परीक्षेचं काहीतरी बोलते आहेस. अभ्यास कर म्हटलं. लाइन खराब नव्हती गं. मीच.

मग जोड कसे पकडायचो? मशीनच्या अंगावर तळहात ठेवून. "टक" हाताला कळतो. दोन वर्षं डबा बरोबर भरला, म्हणून मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीपर्यंत निभेल. सांगितलं असतं तर त्याच दिवशी मशीनवरून उतरवून गेटवर बसवलं असतं. एकतीस वर्षांनी गेटवर! ते मला सोसलं नसतं.

सहा ऑक्टोबरला दोनशे बारा चालू होती. साहेब आले, निरोपाला काय हवं म्हणून विचारायला. त्यांचे ओठ वाचायला मी वळलो आणि मशीनवरचा हात काढला. पाच मिनिटं. संध्याकाळी वहीत तीन जोड होते आणि डब्यात दोनच तुकडे.

त्याच वेळी ओरडायला हवं होतं. कॉइल तिथेच होती, भंगारात गेली असती, फार तर दोन दिवस बोलणी खाल्ली असती. मी कप्पा उघडला. माझा तो पहिला जोड, नव्यांना दाखवायचा, तो काढला आणि डब्यात टाकला. तीन. सही केली.

तू आवाजाबद्दल लिहिलंस तेव्हा मला सगळं कळलं. जोडाच्या जागी तार तापून मऊ पडलेली असते, पूर्ण ताण आला की ती तिथे तुटते. बाकीच्या सहा तारांच्या आत, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. कळूनही मी तुला लिहिलं, होतं असं. माझ्या हाताने लिहिलं. तू ते सगळ्यांना वाचून दाखवलंस. हे लिहितानाही मी तीनदा उठलो.

आता असं करतो. मामी बहिणीकडे गेली आहे, उद्या येईल. उद्यापर्यंत थांबायची माझी छाती नाही आणि शेजाऱ्याच्या तोंडून हे तुला कळावं असंही नाही. साइट ऑफिसचा नंबर तुझ्या आईने वहीत लिहून दिलाय. मी फोन करतो. पलीकडे वाजतंय की नाही, उचलला की नाही, मला कळणार नाही. वीस मोजीन आणि बोलायला लागेन. सगळं बोलून ठेवीन. परत लावीन. पुन्हा बोलेन. कधीतरी कोणीतरी उचलेलच.

तिथून कारखान्यात जाणार आहे, साहेबांकडे.

मामा

२६ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र आज आलं. फोन एकोणीसलाच आला होता. तू अजून कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाहीयेस, आईच्याही नाही, असं मामी म्हणाली. मग सगळं कागदावर घे.

पहिला फोन स्टोअरकीपरने उचलला. त्याने "हॅलो" म्हणेपर्यंत तू बोलत होतास. तो म्हणाला, कोण बोलतंय, कोण हवंय? तू बोलतच राहिलास. त्याला वाटलं, कोणी दारुडा आहे. ठेवून दिला. दुसऱ्या वेळी त्याने "नदी" आणि "दोनशे बारा" एवढं ऐकलं आणि तो धावत माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, एक म्हातारा रडत रडत आपल्या ड्रमचा कागद वाचून दाखवतोय."

तिसरा मी उचलला. आधी तुझे आकडे आले. अठरा, एकोणीस, वीस. मग तू सुरुवात केलीस. मी म्हटलं, मामा, मी आहे. तू थांबला नाहीस. मी ओरडले. तू कान सांगितलेस, हात सांगितलास, कप्पा सांगितलास. मी इकडून सारखी म्हणत होते, ऐकलं मामा, ऐकलं, आता पुरे, ऐकलं. तू पुन्हा पहिल्यापासून सुरू झालास. शेवटी म्हणालास, "कोणी आहे का गं तिथे? असू दे. मला काही कळत नाही. पुन्हा लावतो." आणि ठेवलास. त्यानंतर तू अजून चार वेळा फोन केलास. चारही मी उचलले. प्रत्येक वेळी सगळं ऐकलं.

तेवीसला कोणी गेलं नाही. बावीसला तार उतरवली. अॅल्युमिनियम सोललं, पीळ उघडला. अलीकडच्या टॉवरपासून एकशे चाळीस पावलांवर आतली तार तुटलेली होती. टोकं एकमेकांपासून चार बोटं सरकलेली. साहेब म्हणाले, बाकीच्या सहा तारांनी तोललं असतं. शिडी म्हणाला, "'असतं'वर मी बसत नाही, साहेब." मग तो मला म्हणाला, "बाई, मामांनी लिहिलं ते खोटं, पण फोन खरा."

मी एवढी मोठी नाही झाले अजून. मी रागावले आहे, मामा. भयंकर रागावले आहे. माझ्याच तोंडून तू ते "होतं असं" चौदा जणांना ऐकवलंस. हा राग मी घरी येऊन तुझ्यासमोर उभी राहून काढणार आहे, सावकाश, तोंड नीट हलवून, म्हणजे एक शब्दही चुकणार नाही तुझा.

कारखान्यात काय झालं ते आईने कळवलं. मशीन गेलं, निरोपही नाही. तू गेटवर बसतोस आणि मान खाली घालून बसतोस. मान वर कर. खाली घातलीस तर लोकांचे ओठ कसे दिसणार?

तुटलेली दोन्ही टोकं मी तुला पाठवते आहे, पुरावा म्हणून साहेबांनी ठेवलेल्यातून मागून घेतली. तुटल्यामुळे जोड आता एका टोकाला दिसतो. डब्यात तुझा पहिला जोड गेला, तो काही परत यायचा नाही. नवा माणूस आला की आता हा त्याच्या तळहातावर ठेव. आणि सगळं सांग, हातसुद्धा, कप्पासुद्धा.

खिडकीतून आत्ता उजवीकडे वर एकच तार दिसते आहे. तिच्या शेजारची तुझी जागा रिकामी आहे. नवा ड्रम पुढच्या आठवड्यात येईल. तोवर रोज सकाळी शिडी विचारतो, "बाई, मामा कसे आहेत?" आणि मला काय सांगावं ते कळत नाही. तू लिही.

आणि एकोणीस तारखेला फोनवर मला पाच वेळा विचारलंस त्याचं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून ते इथे लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिते, चष्मा नसला तरी वाचता येईल.

होते मामा. मीच होते तिथे.

खार